पाळी पुढे ढकलण्याआधी

माघ वद्य सप्तमी, गजानन महाराजांचा प्रकटदिन जवळ आला की शेगावात घरोघरी पाहुणे. आणि नेमकी पाळीची तारीखही तेव्हाच! मग काय, दुकानातून गोळ्या आणवायच्या नि पाळी पुढे ढकलायची.

पुष्कळजणींचे त्यावर निभावते, खरे. पण मैत्रिणींनो, आतडी व पानथरीतले रक्त यकृताकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेत, पोर्टल व्हेनमध्ये, तुम्हांला कधी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही गोळी तोंडात घालू नका. या गोळ्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढू शकतो. पाळणा लांबवण्याच्या कित्येक गोळ्यांचेही तेच.

ही शीर तुंबली की रक्त आडवाटा धरते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पानथरी वाढते. फुगलेली शीर फुटली तर रक्ताची उलटी होते, नाहीतर शौचास डांबरासारखे काळे, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही काळे होतेच, म्हणून आपण बायका ते अंगावर काढतो! तसे करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरचे लगेच काविळीचा झाडपाला सुचवतील. अहो, यकृत कित्येकदा ठणठणीत असते! डॉप्लर सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी झाली का, ते विचारा. फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी बँड बांधता येतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र सगळ्यांना नसते. शेजारणीचे ऐकून ती सुरू करू नका, बंदही करू नका. अंगदुखीची गोळीसुद्धा विचारूनच.

अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला सुपर स्पेशालिटी रुग्णालय. निघताना जुने रिपोर्ट तारखेवार लावून पिशवीत घ्या.