सरावाच्या कापडाचाही खर्च धरा

आपल्या वस्त्यांमध्ये शिवणवर्ग सुरू होतो तेव्हा पहिल्या आठवड्यात खोली भरलेली असते. पहिले ब्लाऊज बिघडले की हजेरी गळू लागते. 'मला नाही जमणार' म्हणत मुली मशीनवरून उठतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो. प्रश्न हुशारीचा नसतो. बिघडलेले कापड घरच्या पैशांचे असते आणि त्याचा हिशोब घरी द्यावा लागतो.

म्हणून चूक नीट समजून घ्यायला हवी. शिवणकामात चुका दोन प्रकारच्या असतात. टीप वाकडी गेली तर उसवून पुन्हा मारता येते. पण गळा जास्त खोल कापला गेला किंवा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या, तर ते कापड वायाच जाते. अनुभवी शिंपी कापताना 'माया' सोडतात, म्हणजे शिलाईपलीकडे थोडे जास्तीचे कापड. कपडा घट्ट झाला तर तीच माया कामी येते. चूक होऊ शकते, हे मुरलेल्या कारागिरानेही आधीच धरलेले असते.

शिकण्याचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी कागदावर कटिंग, मग जुन्या साडीवर किंवा मांजरपाटावर, आणि शेवटी नव्या कापडावर. बिघडलेला नमुना फेकू नये. त्यावर कारण लिहून तो सगळ्यांना दाखवावा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसत असतील, तर बहुधा वरच्या दोऱ्याचा ताण सैल असतो. मध्येच टाके सुटत असतील, तर आधी सुई बदलून पाहावी. अशाने एकीची चूक साऱ्या वर्गाला शिकवते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे. त्यात ५ ते ७ दिवसांचे पायाभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण हात बसायला याहून अधिक दिवस आणि पुष्कळ कापड लागते.

म्हणून वर्ग चालवणाऱ्या मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी मशीनसोबत सरावाच्या कापडाचाही खर्च धरावा. घराघरांतून जुन्या साड्या, चादरी गोळा कराव्यात. ज्यांच्या घरी पैसा आहे, त्यांच्या मुलांना चुकण्याची मुभा आपोआप मिळते. आपल्या मुलामुलींना ती आपणच मिळून द्यायची आहे.