डाखाचा एक नाजूक सांधा

फुटक्या पितळी भांड्यास डाख देतांना पाहिलें नाहीं, असें मागच्या पिढींतील माणूस विरळा. त्याच डाखाचें एक सूक्ष्म भावंड आज प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें बसलें आहे, हें मात्र सांधा तुटेपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आमच्या मातोश्रींचा जुना फोन त्यांच्या पश्चात् तीन वर्षें कपाटांत होता. नातवंडांसाठीं त्यांनीं सांगितलेल्या गोष्टी त्यांत ध्वनिमुद्रित होत्या. त्या दुसरीकडे उतरवून ठेवूं म्हणतां म्हणतां राहून गेलें. आणि एके दिवशीं चार्जर लावावयास जातों तों जॅक आंत डुलूं लागला व बॅटरी कांहीं भरेना. जॅकमध्यें खिशांतील तंतु दडपून बसल्यानेंहि बॅटरी भरत नाहीं; अशा वेळीं फोन बंद करून लांकडी दांतकोरण्यानें ते अलगद काढावे. आमचें मात्र तेवढ्यानें भागणारें नव्हतें.

मायक्रो-यूएसबी नांवाच्या ह्या जॅकास मागें पांच बारीक पाय असतात. एका पायापासून दुसरा अवघ्या ०.६५ मिलिमीटरवर. ते बोर्डावरील तांब्याच्या चिमुकल्या पट्ट्यांवर डाखानें जोडलेले, आणि त्या पट्ट्या काचतंतूंच्या बोर्डास केवळ चिकटविलेल्या. अधीर हातानें ओढल्यास डाखाआधीं ही चिकटाईच सुटते. पहिल्या दुकानांत नेमकें तेंच झालें. डाख वितळण्यापूर्वींच जॅक चिमट्यानें ओढला गेला आणि दोन पट्ट्या उखडून आल्या. चौथी गेली असती तर चार्जिंगास बाध नव्हता. गेली ती पांच व्होल्टांची वीज आंत आणणारी पहिली, आणि तिच्या शेजारची, माहिती नेणारी. "बोर्ड गेला, नवा फोन घ्या," एवढें सांगून तो आमच्या हातीं परत देण्यांत आला.

शेवटीं पुण्यास बुधवार पेठेंत, तपकीर गल्लीजवळ, एक तरुण कारागीर भेटला. त्यानें आम्हांस शेजारीं बसूं दिलें. प्रथम त्यानें बॅटरी सोडविली, कारण लिथियमच्या बॅटरीजवळ उष्णता नेणें म्हणजे आगीशीं खेळ. जॅकचें अंग अद्याप दोन्ही बाजूंनीं अडकलेलें होतें, व तेथील विस्तृत तांबें सारी उष्णता पिऊन टाकी. म्हणून त्यानें बोर्ड खालून सावकाश तापविला. युरोपांत १ जुलै २००६ पासून अशा वस्तूंतील शिशावर निर्बंध आल्यानें कारखान्यांतील डाख आतां बहुधा कथील, चांदी व तांबें यांचा असतो. तो सुमारें २१७ अंश सेल्सिअसवर वितळूं लागतो. कथील ६३ व शिसें ३७ भाग असा जुना डाख १८३ अंशांवरच पातळ होतो. हा जुना डाख त्यानें नव्यांत मिसळला, आणि जॅक ओढावा न लागतां उचलला गेला.

मधून मधून तो राळेचा फ्लक्स लावी. कल्हईवाल्याचा नवसागर चालेल काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो हंसला. नवसागराचा अंश मागें राहिला तर हें बारीक तांबें खाऊन टाकील! शिसें हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज तो चहाच्या पेल्यास शिवला नाहीं, हें आमच्या सोंवळ्या मनास विशेष आवडलें.

उरलेला डाख तांब्याच्या विणलेल्या पट्टीनें टिपून नवा जॅक बसविला. आधीं अंगाचे पाय जोडले, कारण पिन खुपसण्याचा जोर तेच सोसतात. मग बारीक पाय. खरें कौशल्य यापुढेंच होतें. उखडलेल्या पट्ट्यांच्या पुढील रेघांवरचें हिरवें रोगण त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं खरवडलें. माहितीच्या पायास केसासारखी तार दिली, विजेच्या पायास तिच्याहून जाड, कारण तेथें प्रवाह अधिक. शेजारचे दोन पाय चुकून एकमेकांस चिकटले नाहींत ना, हें मल्टिमीटरनें दोनदां पाहिलें, आणि मगच बॅटरी जोडली.

त्या रात्रीं सारीं ध्वनिमुद्रणें दोन ठिकाणीं उतरवून घेतलीं. पहिल्यांत गोष्ट नव्हतीच. "अरे, हें सुरू झालंय का रे?" असें त्या आम्हांसच विचारीत होत्या.