गुंठ्यांवर जगणारा वेल

हेक्टरी मदतीचे आकडे आता मराठवाड्यात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. रब्बीचे दहा हजार धरून कोरडवाहूला 18,500, हंगामी बागायतीला 27,000 आणि बागायतीला 32,500. अतिवृष्टीनंतर ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारचं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हापासून पारावर, बाजारात, एसटीत हाच हिशेब चालू आहे. सोयाबीन किती वाहून गेलं, ऊस किती आडवा झाला, कापसाची बोंडं किती सडली. या सगळ्या बोलण्यात एका पिकाचं नाव मात्र कुणी घेताना दिसत नाही. हे पीक हेक्टरात मोजलंच जात नाही. ते गुंठ्यांवर जगतं. दहा गुंठ्यांच्या पानमळ्याला वरच्या दरानं काय मिळणार? सव्वातीन हजार रुपयांच्या आसपास.

नांदेड जिल्ह्यात विड्याच्या पानाला नागेली म्हणतात, आणि नागेली म्हटलं की मुदखेड तालुक्यातलं बारड आठवतं. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या कालव्याचा हा टापू. शेजारीच अर्धापूरच्या केळीच्या बागा. पाऊस ओसरल्यावर त्या शिवारातल्या एका मळ्यात गेलो. मेरेवर पाऊल टाकतो न टाकतो तोच मळेकरी मामा म्हणाले, “चपला तितंच काढा बरं का.” पानमळ्यात अनवाणीच जायचं, ही जुनी रीत. बाहेरची माती, बाहेरचा रोग पायाला लागून आत येऊ नये, हा अर्थ आज शास्त्रानंही पटतो. आत गेलं की ऊन एकदम मवाळ होतं. दोन्ही बाजूंना शेवरीची झाडं आणि त्यांना कवळा घालून चढलेले वेल. शेंडे सुटू नयेत म्हणून ठिकठिकाणी केळीच्या सोपटानं हलकेच बांधलेले. मामांच्या अंगठ्यात पत्र्याची नखी होती. पान ओढायचं नाही, नखीनं देठासकट खुडायचं. ओढलं तर वेल दुखावतो, असंच ते म्हणाले.

पण मळ्याच्या सखल कोपऱ्यात वेगळं चित्र होतं. तिथले वेल उभ्याउभ्या माना टाकून होते. मामांनी एका बुडख्याशी बोट लावलं, तशी काळी पडलेली साल हातात आली आणि कुजका वास सुटला. ही मर. फायटोप्थोरा नावाची बुरशीसारखी जात तिच्यामागे असते आणि तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. चार दिवस पाणी तुंबलं की मुळांचा श्वास कोंडतो आणि या बीजाणूंना वाट मोकळी होते. एका वेलापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. नागवेल हा मिऱ्याचा सख्खा भाऊबंद. काळी मिरी, पिंपळी, कंकोळ, नागवेल हे सगळे एकाच कुळातले, पान चावल्यावर जिभेला लागतो तो तिखटपणा त्या घराण्याचाच. मिऱ्याच्या वेलाला घोस लागतात. नागवेलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि मळ्यात बहुतेक नर वेलच लावलेला असतो. त्याला फळ नाही, बी नाही. जुन्या वेलाची कांडी कापायची, तेच नव्या मळ्याचं बेणं. म्हणजे आज बारडला उभा असलेला वेल हा आजोबा-पणजोबांच्या हातच्या वेलाचाच तुकडा आहे. पिढ्यान् पिढ्या न तुटलेली ही साखळी विलक्षण आहे, पण तिचा धोकाही तेवढाच मोठा. सगळा मळा एका रक्ताचा असल्यामुळे रोग आला की कुणी त्याला अडवत नाही.

या पिकातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम म्हणजे उतरण. वेल वर्षभरात शेवरीच्या शेंड्याला पोचतो, वरची पानं लहान होत जातात आणि हात पुरत नाही. मग वर्षातून एकदा अख्खा वेल सोडवून खाली घ्यायचा, त्याची गुंडाळी बुडाशी मातीत पुरायची आणि फक्त शेंडा वर ठेवायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, वेल पुन्हा तरुण होऊन चढू लागतो. हे काम कोणत्याही यंत्राला जमणारं नाही. वेल कुठे वाकेल आणि कुठे पिचकेल, हे बोटांनाच कळतं. मामांना ते वडिलांनी शिकवलं. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे.

पानाच्या या व्यवहारावर किती घरं उभी होती, ते आडनावांतून आजही दिसतं. विदर्भात बारी समाज पानमळ्यांचा. सोलापूरकडे तिरगुळ ब्राह्मणांचा तो परंपरागत धंदा. आणि पान विकणारा तो तांबोळी, मग तो हिंदू असो की मुसलमान. लातूर-नांदेडवर 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं, त्यामुळे इथल्या जुन्या वाड्यांतलं पानदान हैदराबादी वळणाचं. त्या खानदानी घरांत बायकांच्या हातखर्चाला नावच होतं खर्च-ए-पानदान. त्याच्याही किती आधी, लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याणला, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीत, सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राजाच्या उपभोगांत त्याने तांबुलाला स्वतंत्र जागा दिली आहे.

आपल्या घरांत पान राजाचं राहिलं नाही, ते बाळाचं आणि बाळंतिणीचं झालं. छाती भरलेल्या लेकराला तेल लावलेलं पान तव्यावर कोमट करून शेकायचं, पोट फुगलं की एरंडेलात बुडवलेला देठ, आईला जेवणावर ओवा-बाळंतशेपा-खोबरं घातलेला विडा. पानात युजेनॉल, चॅव्हिकॉल अशी उडून जाणारी तेलं असतात आणि जंतू रोखण्याचा गुण त्यांच्यात आहे. लहान बाळाची छाती भरली तर आधी डॉक्टरच, यात दुमत नाही. पण आजीचा तो शेक म्हणजे अडाणीपणा होता, हे मला मान्य नाही.

पानावर आज जो कलंक आहे त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेला विडासुद्धा कर्करोगकारक ठरवला आहे. 2003 मधल्या त्या निष्कर्षाचं कारण आहे सुपारी, आणि सुपारीला स्वतंत्रपणेही त्याच गटात टाकलं आहे. पानाचं वेगळं नाव त्या यादीत नाही. ज्या गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली, त्यात तर पान नसतंच. सुपारी, तंबाखू, चुना, कात. गेल्या चार-पाच दशकांत या पुड्यांनी माणसांचे जबडे खाल्ले आणि पानाचं गिऱ्हाईकही खाल्लं. बदनामी मात्र पानाच्या वाट्याला आली. सुपारी सोडा, तंबाखू सोडा, हे मी हात जोडून सांगेन. पान सोडा, असं मला सांगवत नाही.

लातूरच्या गंजगोलाईत पानाच्या दुकानासमोर सकाळी उभं राहिलं की वेगळाच हिशेब दिसतो. ओल्या फडक्याखालून पानं काढून दुकानदार मोजतो, बोटं इतकी चपळ की नजर मागे पडते. सत्यनारायणाला, वास्तुशांतीला, लग्नात विडा तोडायला, पैजेचा विडा मांडायला. पानाचा विषय निघाला की मिरजही आठवते. त्या तालुक्यातल्या आरग, बेडग, नरवाड या गावांचे पानमळे नावाजलेले. एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तीही मिरजेहूनच. पाण्याचं आणि पानाचं नातं तेव्हा जसं कळलं तसं पुन्हा कधी कळलं नाही. तेव्हा पाणी नव्हतं म्हणून वेल वाळायचा, आता पाणी हटत नाही म्हणून सडतो आहे.

2024 मध्ये वसमतची हळद, पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालं. फार चांगलं झालं. बिहारचं मगही पान आणि महोब्याचं देशावरी पानही मानांकनाच्या यादीत आहे. मग आपल्या नागेलीची ओळख कोण आणि कधी नोंदवणार? कृषी विभागाने निदान मळे तरी मोजावेत. पंचनाम्याच्या कागदावर पानमळ्याचा वेगळा रकाना असावा आणि मदत वेल पुन्हा उभा करण्याच्या खर्चाशी जोडलेली असावी. शेवरी आधी वाढवायची, मग बेणं लावायचं, पहिला खुडा हाती येईपर्यंत वर्ष जातं.

माहूरला रेणुकामातेच्या दारी मात्र नागेलीला अजून मान आहे. गडावर खलबत्त्यांचा आवाज सतत चालू असतो. पान, कात, चुना, सुपारी, बडीशेप असं सगळं कुटून त्याचा लालसर गोळा होतो, तो तांबूल देवीच्या मुखी लावतात आणि तोच प्रसाद म्हणून हातावर पडतो. गेल्या खेपेला माझ्यापुढे एक दात नसलेल्या आजी होत्या. पान चावणं त्यांना शक्य नव्हतं, कुटलेला तांबूल मात्र जिभेवर ठेवून त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. मागून रांग ढकलत होती, तरी त्या हलल्या नाहीत.

मामांनी निघताना पानांची एक कवळी हातात दिली. वरच्या कोपऱ्यातली, निरोगी वेलाची. पैसे घेतले नाहीत. “बेणं वाचलंय तेवढं,” ते म्हणाले. “उन्हाळ्याआधी लावतो.”