मोटार तंत्रज्ञ घडतो कसा?

कोलकात्याच्या पूर्वेस खाऱ्या दलदलीत भर घालून सॉल्ट लेक हे उपनगर वसविण्यात आले. तेथील सेक्टर पाच आज संगणक कंपन्यांसाठी ओळखला जातो. परंतु त्याच भागात केंद्र शासनाची अशी एक संस्था आहे, जिचे नाव आपल्याकडील गॅरेजमध्ये सहसा कोणी ऐकलेले नसते. सेंट्रल स्टाफ ट्रेनिंग अँड रिसर्च इन्स्टिट्यूट ही ती संस्था. तत्कालीन पश्चिम जर्मनीच्या सहकार्याने १९६८ मध्ये तिची स्थापना झाली. देशभरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील, म्हणजेच आयटीआयमधील, व्यवसायांचे अभ्यासक्रम येथे तयार होतात. पुण्याच्या औंध येथील आयटीआयमध्ये ‘यांत्रिक मोटारगाडी’ शिकणारा मुलगा जो अभ्यासक्रम पुरा करतो, त्याचे मूळ या सॉल्ट लेकमध्ये असते.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास त्यास प्रवेश घेता येतो. प्रारंभीचे दिवस गाडीजवळ जात नाहीत. कानस चालविणे, करवतीने धातू कापणे, व्हर्नियर व मायक्रोमीटरने मोजमाप घेणे यातच ते सरतात. मुले कंटाळतात, हे खरे. मात्र पुढे इंजिन उघडल्यावर सिलिंडरची झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती मापानेच कळते. सिलिंडर हेडचे बोल्टही मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि ठरावीक जोर लावूनच आवळावे लागतात. एका टोकापासून सुरुवात केल्यास हेडवर असमान ताण येऊन ते वाकू शकते आणि गॅस्केटमधून गळती सुरू होते. गॅरेजमध्ये लहानपणापासून राबलेल्या ‘बारक्या’च्या हाताला हा क्रम ठाऊक असतो, त्यामागील कारण मात्र त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

ही उणीव आता अधिक जाणवते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा मानके लागू झाल्यानंतर नव्या गाडीतील इंधनपुरवठा व धूरनियंत्रण पूर्णतः संगणकाधीन झाले. नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे जुने मिस्त्री आजही आदरास पात्र आहेत. पण सेन्सरचा बिघाड कानाला ऐकू येत नाही. त्यासाठी स्कॅनर जोडून दोषसंकेत वाचावा लागतो आणि तो वाचल्यावरही नेमका कोणता भाग बदलायचा, हे तारतम्याने ठरवावे लागते.

आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये विद्यावेतनासह प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेता येतो. स्वतःचे गॅरेज काढू इच्छिणाऱ्यास २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेचा आधार आहे. तीत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, तर किशोर गटात ५ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. साध्या हत्यारांसाठी पहिला गट पुरतो. गाडी उचलणारी लिफ्ट व स्कॅनर घ्यावयाचा असल्यास दुसऱ्या गटाचा विचार करावा. अर्जासोबत यंत्रसामग्रीचे दरपत्रक, जागेची कागदपत्रे आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राची प्रत जोडल्यास शाखाधिकाऱ्यास प्रस्तावाची छाननी करणे सुलभ जाते.