दुधातून आलेली गाठ
पेशींचं बंड : लेखांक ६

सख्ख्या बहीण-भावांच्या जोड्या लावत वीस पिढ्या गेल्या की उंदरांचा ‘शुद्ध वाण’ तयार होतो, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. अशा वाणातले उंदीर जनुकांच्या दृष्टीनं जवळपास एकमेकांच्या नकलाच असतात. पण एवढा खटाटोप कशासाठी? ज्या प्रयोगातून याचं उत्तर मिळालं, त्याची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, तर उंदीर विकणाऱ्या एका बाईंकडे झाली.

अ‍ॅबी लेथ्रॉप या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावच्या. शाळेतली नोकरी सोडल्यावर त्या हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकू लागल्या. काही उंदरांच्या अंगावर त्यांना विचित्र गाठी दिसल्या. त्यांनी ते लिओ लोब या तज्ज्ञाकडे पाठवले. निदान कर्करोगाचं निघालं. मग दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले : काही घराण्यांतल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग वारंवार होतो, काहींत क्वचित, अंडाशय काढून टाकले तर त्याचं प्रमाण घटतं. बाईंनी वंशावळीच्या नोंदी नेटानं ठेवल्या होत्या. आज जगभर वापरला जाणारा काळा उंदीर त्यांच्याच गोठ्यातल्या माद्यांचा वंशज आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांचं नाव सापडणं कठीण.

त्यांच्याकडून उंदीर घेणाऱ्या क्लॅरेन्स लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा काढली. कर्करोग आनुवंशिक असतो यावर लिटल यांचा पक्का विश्वास. (हेच लिटल १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी स्थापन केलेल्या संशोधन समितीचे वैज्ञानिक संचालक झाले. रोगाचा दोष रक्तावर टाकणारा माणूस त्या कंपन्यांना का हवासा वाटला असेल, हे सांगायला नको.)

पण त्यांच्याच प्रयोगशाळेनं १९३३ मध्ये एक अडचणीचा निष्कर्ष जाहीर केला. जास्त कर्करोगाच्या वाणातली मादी आणि कमी कर्करोगाच्या वाणातला नर यांच्या मुलींना गाठी भरपूर झाल्या. जोडी उलटी लावली, म्हणजे बाप जास्त कर्करोगाच्या वाणातला आणि आई कमीच्या, तेव्हा मुलींमध्ये गाठी फारच कमी निघाल्या. आता गंमत पाहा. दोन्हीकडच्या मुलींना अर्धी गुणसूत्रं एका वाणाची आणि अर्धी दुसऱ्याची मिळाली होती. दोन्ही गटांचा गुणसूत्रांचा वाटा सारखाच. तरीही फरक पडला, म्हणजे आईकडून गुणसूत्रांखेरीज आणखी काहीतरी येत होतं. असं ठामपणे म्हणता आलं ते केवळ वाण शुद्ध असल्यामुळे. रस्त्यावरचे उंदीर घेतले असते, तर हा फरक घराण्याघराण्यांतल्या गोंधळात हरवला असता.

संशयित तीन होते : बीजांडातला द्रव, गर्भाशय आणि दूध. जॉन बिटनर यांनी दुधाकडे मोर्चा वळवला. जास्त कर्करोगाच्या वाणातली पिल्लं त्यांनी जन्मताच आईपासून तोडली आणि कमी कर्करोगाच्या वाणातल्या दाईला लावली. ती मोठी झाल्यावर त्यांच्यात गाठींचं प्रमाण एकदम उतरलं. हे १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. बिटनर दुधातल्या ‘प्रभावा’बद्दल बोलत राहिले आणि विषाणू हा शब्द टाळत राहिले, विषाणूमुळे कर्करोग होतो म्हणणाऱ्याकडे त्या काळी संशयानंच पाहिलं जाई. प्रत्यक्षात तो विषाणूच होता.

तो एकटा पुरेसा नव्हता, हेही हळूहळू दिसलं. काही वाण त्याला दाद देत नाहीत, आणि मादीची संप्रेरकं नसतील तर त्याचं फारसं चालत नाही. जनुकं, संप्रेरकं आणि विषाणू यांच्या या गुंत्यावर मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी काम केलं. पुण्यात जन्मलेल्या कमलताईंनी डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनीच याच केंद्रात उभी केली.

इथे एखाद्या आईच्या मनात पाल चुकचुकली असेल, म्हणून स्पष्ट सांगतो : हा उंदरांचा विषाणू आहे. माणसात आईच्या दुधातून स्तनाचा कर्करोग मुलीकडे जातो, असं सिद्ध झालेलं नाही. उलट अंगावर पाजल्यानं आईचाच धोका कमी होतो.

मग या विषाणूचा आपल्याला उपयोग काय? तो उंदराच्या पेशीत शिरून तिच्या डीएनएत आपली प्रत घुसवतो, कुठेही. रोएल नूस आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी १९८२ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या उंदरांच्या गाठींमध्ये ही घुसखोरी पुन्हा पुन्हा एकाच जनुकाजवळ झालेली आढळते. विषाणूनं जणू अपराध्याच्या दारावर खूण केली होती. १९८७ मध्ये कळलं की फळमाशीचे पंख घडण्यासाठी लागणारं जनुक तेच आहे. ते पेशींना वाढीचे निरोप देणाऱ्या साखळीतली एक कडी निघालं. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत हीच साखळी बिघडून अखंड चालू राहिलेली असते, आणि ती बंद कशी करायची यावर अजून काम चालू आहे.

या विषाणूच्या डीएनएतला एक तुकडा मात्र नंतर वेगळ्याच कामी आला. स्तनाच्या पेशींत हवं ते जनुक चालू करणारं बटण म्हणून हार्वर्डच्या संशोधकांनी तो वापरला. त्यातून घडलेल्या उंदराचं अमेरिकेनं १९८८ मध्ये पेटंट दिलं आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये नाकारलं. तो वाद पुढच्या आठवड्यात.