परदेशी बाजाराचे दार आणि भंडाऱ्याचा तांदूळ

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा धानाचा जिल्हा. तुमसरची बाजारपेठ आणि चिन्नोरचा सुगंध ही त्याची जुनी ओळख. १९९१ च्या उदारीकरणानंतर येथील राइस मिलमालकासमोर परदेशी बाजाराचे क्षितिजही खुले झाले. आज जगाच्या तांदूळ-व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे.

संधी खरी आहे आणि मार्गही पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो. अटींनुसार कागदपत्रे सादर झाली, तर लेटर ऑफ क्रेडिटमुळे परदेशी खरेदीदाराची बँक पैशांची हमी घेते. माल तयार करण्यासाठी बँका सवलतीच्या दराने पॅकिंग क्रेडिट देतात. खरेदीदाराने रक्कम बुडविल्यास ईसीजीसीच्या विम्यातून बहुतांश नुकसान भरून निघते.

तथापि, हे दार नेहमीच उघडे राहील असे नाही. देशांतर्गत भाव आवरण्यासाठी २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली; पुढच्याच महिन्यात उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लावले. बंदी उठली ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी. त्यापूर्वीही २००८ पासून २०११ पर्यंत असाच अडसर होता. विम्याचे नेहमीचे संरक्षण माल रवाना झाल्यावरच सुरू होते, आणि निर्यात झालीच नाही तर पॅकिंग क्रेडिटवरील व्याजाची सवलतही जाते. अशा वेळी गोदामात अडकलेल्या पोत्यांचे व्याज मिलमालकाला भरावे लागते. मिल थांबली की हमालाची मजुरी आणि शेतकऱ्याच्या धानाचा उठावही थांबतो.

जैन श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत सांगितले आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा आधीच निश्चित करणे. त्याचा हेतू आत्मसंयमाचा; पण व्यापारालाही तो विवेक उपकारक ठरतो. नवा धान बाजारात येण्यापूर्वीच मिलच्या क्षमतेपैकी किती भाग निर्यातीला द्यायचा आणि त्यासाठी किती कर्ज उचलायचे, हे ठरवावे. उरलेली क्षमता देशी बाजारासाठी आणि शासकीय भरडाईसाठी राखावी. निर्यातीचे दार एका रात्रीत बंद झाले, तरी दुसऱ्या दिवशी मिल सुरू राहील, इतपतच ही मर्यादा असावी.