सूर्याच्या उंबरठ्यावरचे धूमकेतू

सोहो ही अंतराळातली सूर्यवेधशाळा. तिच्या छायाचित्रांमधून आजवर पाच हजारांहून अधिक धूमकेतू सापडले आहेत. आपल्याला ठाऊक असलेल्या एकूण धूमकेतूंपैकी निम्म्याहून जास्त हे एकट्या सोहोचे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की यांतले बहुतेक धूमकेतू पहिल्यांदा ओळखले ते पगारी शास्त्रज्ञांनी नव्हे, तर जगभर विखुरलेल्या हौशी मंडळींनी. त्यासाठी त्यांना स्वतःच्या दुर्बिणीची गरज पडली नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढे भांडवल पुरले.

युरोपीय अंतराळ संस्था आणि नासा यांनी मिळून २ डिसेंबर १९९५ रोजी सोहो यान सोडले. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर एल-१ नावाची जागा आहे. तिथून सोहोला सूर्यावर अखंड नजर ठेवता येते. सोहोवरच्या लॅस्को या उपकरणात एक तबकडी सूर्यबिंब झाकून धरते. खग्रास ग्रहणात चंद्र जे काही मिनिटे करतो, ते ही तबकडी सतत करत राहते. मग सूर्याभोवतीचे फिकट प्रभामंडळ दिसू लागते, मागचे तारे दिसतात, आणि सूर्याकडे झेपावणारे धूमकेतूही. त्यांच्यासाठी हे यान कुणी पाठवलेलेच नव्हते. मोहीम आखली होती दोन वर्षांची. १९९८ च्या जूनमध्ये यानाशी संपर्क तुटला आणि ते हातचे गेले असे वाटले, पण अभियंत्यांनी त्याला पुन्हा जागे केले. त्या चिकाटीचे ऋण धूमकेतूंच्या अभ्यासकांवर फार मोठे आहे.

इथे दिसणाऱ्या धूमकेतूंपैकी सुमारे ८५ टक्के एकाच कुळातले आहेत. १८४३ आणि १८८२ साली दिवसाउजेडी दिसलेले दोन महान धूमकेतू जवळजवळ एकाच वाटेने आले होते, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ हाइनरिख क्रॉइट्झ यांनी दाखवले; हे कुळ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. फार पूर्वी एक प्रचंड धूमकेतू सूर्याजवळून जाताना फुटला, त्याचे तुकडे पुन्हा फुटले, आणि त्या तुकड्यांची रांग आजही येत आहे. यातले बहुतेक इतके लहान असतात की सूर्याला वळसा घालण्याआधीच त्यांची वाफ होते. कुणी पाहिले नसते, तर ते होते हेही कळले नसते.

छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली आणि शोधाला बहर आला. काम सांगायला सोपे आहे. काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे एकामागून एक पाहायची आणि सरकणारा ठिपका शोधायचा. पण ठिपके असंख्य असतात. एखाद्याच छायाचित्रात चमकून नाहीसा होणारा ठिपका म्हणजे कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण. सगळ्यांबरोबर एकाच गतीने, एकाच दिशेने सरकतो तो तारा. जो आपल्या वेगळ्या वाटेने, सुसंगत गतीने सलग अनेक छायाचित्रांत पुढे जातो, तोच धूमकेतू असण्याची शक्यता. मग प्रत्येक छायाचित्रातले त्याचे स्थान मोजून अशा शोधांची नोंद घेणाऱ्या सनग्रेझर प्रकल्पाकडे कळवायचे. तिथले तज्ज्ञ खात्री करतात. संगणकाचे प्रोग्रॅमही आता हे करू पाहतात, तरी सरावलेली मानवी नजर अजून कामाची ठरते.

या मंडळींचे काम केवळ ठिपके वेचण्यावर थांबले नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक टेरी लव्हजॉय यांना सोहोच्या चित्रांत एक धूमकेतू दिसला होता आणि सप्टेंबर २००३ मध्ये आणखी एक. सेबास्टियन ह्योनिग या जर्मन संशोधक विद्यार्थ्याने २००५ साली दोघांच्या कक्षा ताडून पाहिल्या आणि हे दोन नसून एकच आहे असा अंदाज बांधला. तसे असेल तर तो ११ सप्टेंबर २००७ रोजी परतायला हवा होता. चीनमधले हौशी निरीक्षक बो झोऊ यांना तो १० सप्टेंबरला चित्रांत सापडला! सोहोचा हा पहिला अधिकृत नियतकालिक धूमकेतू, आज ३२२पी या क्रमांकाने ओळखला जाणारा. १९९९ चा तो धूमकेतू टिपणाऱ्या लव्हजॉय यांनीच २०११ साली आपल्या दुर्बिणीतून क्रॉइट्झ कुळातला एक धूमकेतू शोधला. तो सूर्याच्या पृष्ठभागापासून दीड लाख किलोमीटरहूनही जवळून गेला आणि सर्वांचे अंदाज चुकवून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला.

हजारावा धूमकेतू २००५ मध्ये इटलीतल्या एका शिक्षकाने शोधला, दोन हजारावा पोलंडमधल्या विद्यार्थ्याने, तीन हजारावा थायलंडमधल्या हौशी निरीक्षकाने. पाच हजारावा मार्च २०२४ मधला. शोधणाऱ्याचे नाव मात्र या धूमकेतूंना मिळत नाही. ते सगळे 'सोहो' म्हणूनच नोंदले जातात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते, आणि मुंबई-पुण्याच्या रात्रीत दिव्यांच्या उजेडाने उरलेले तारेही पुसले जातात. सोहोच्या खिडकीपुढे ना ढग येतात, ना शहराचा उजेड. त्याच एल-१ भोवती जानेवारी २०२४ पासून भारताचे आदित्य-एल१ फिरत आहे, आणि त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने उभारली आहे. सूर्याकडे पाहण्याची ही जागा आता आपल्याही ओळखीची झाली आहे.

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांनी आधी जुनी छायाचित्रे घ्यावीत, ज्यांत धूमकेतू असल्याचे नक्की ठाऊक आहे अशी. तिथे ठिपका ओळखता येऊ लागला, की मगच ताज्या चित्रांकडे वळावे. क्रॉइट्झ कुळातले धूमकेतू मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सर्वांत सहज सापडतात. सुरुवात तेव्हा करावी.